बुजवलेला स्विमिंग टँक दर पावसाळ्यात खचतोय? आधी खालचा तळ तपासा

बंगल्यामागचा स्विमिंग टँक नकोसा झाला म्हणून मुरूम टाकून बुजवला, वर लॉन लावलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात जमीन वीतभर खाली गेली. दिवाळीनंतर दोन ट्रॉली माती आणून लेव्हल केली, पुढच्या पावसात पुन्हा तेच. सांगलीच्या विश्रामबागेतल्या बंगल्यापासून वाईजवळच्या फार्महाऊसपर्यंत ही तक्रार इतकी सारखी असते की मालकाची पहिली दोन वाक्यं ऐकली की पुढचं सांगता येतं. तळ फोडलेला नसतो, भिंती जमिनीलगत तशाच उभ्या असतात आणि सगळा भराव जेसीबीने एका दिवसात ढकललेला असतो.

दरवर्षी वरून माती टाकून हे थांबत नाही. जमिनीखाली काँक्रीटची भलीमोठी परात तशीच पडून आहे. तिच्यात शिरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून वरची माती ओली होऊन बसत राहते. साधारण 26 फूट लांब आणि 13 फूट रुंद टँक धरा. एका दिवसात 100 मिमी पाऊस झाला तर नुसत्या तेवढ्या तोंडावर 3,000 लिटरहून जास्त पाणी पडतं. त्यात गच्चीचा पाईप त्याच बाजूला सोडलेला असेल किंवा अंगणाचा उतार तिकडे असेल तर विचारायलाच नको.

इथलं सगळं आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, टँकबद्दल आहे. फायबरचा तयार टँक असेल तर त्यात जीव अडकवू नका. कापून बाहेर काढा आणि साधा खड्डा भरतात तसा भरा.

खचतंय कसं, ते नीट बघा

जेसीबी बोलवायच्या आधी एक पावसाळा डोळे उघडे ठेवून बघितलात तर निम्मं काम होतं. मोबाईलवर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढत चला.

सगळा पृष्ठभाग मधून बशीसारखा खाली गेलाय, पहिल्या वर्षी जास्त आणि पुढे कमी कमी, तर भराव दाबलेला नव्हता एवढंच समजायचं. हे त्यातल्या त्यात सौम्य दुखणं. तीन-चार वर्षांत ते आपोआप कमी होत जातं.

लॉनवर टँकचा आयत जसाच्या तसा उमटला असेल, चारी बाजूंनी सरळ भेग दिसत असेल आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली असेल, तर भिंती तोडलेल्या नाहीत. भिंत जागची हलत नाही, शेजारचा भराव मात्र बसतो, म्हणून बरोबर तिथेच रेघ पडते. उन्हाळ्यात त्या रेघेवरचं गवत सगळ्यात आधी वाळतं, कारण खाली पाच-सहा इंचांवर काँक्रीट असतं आणि मुळांना जागाच मिळत नाही.

पाऊस थांबून आठवडा झाला तरी पाय रुततो, गवत पिवळं पडतं, कार्तिकातसुद्धा चिखल आणि कुबट वास असतो. हे तळ शाबूत असल्याचं लक्षण. सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात.

एका जोरदार सरीनंतर अचानक एकाच ठिकाणी बादली मावेल एवढं भोक पडलं, बाकी जमीन ठीक आहे, तर ते वेगळं प्रकरण. तिथे खाली पोकळी आहे. स्किमरचा (पाण्यावरचा पाला ओढून घेणारा) डबा, जुन्या पाईपचं उघडं तोंड, बॅलन्सिंग टँक (काठावरून सांडलेलं पाणी साठवणारी छोटी टाकी), नाहीतर भरावात टाकलेल्या मोठ्या स्लॅबच्या तुकड्यांखालचा रिकामा कोपरा. पाण्याबरोबर बारीक माती त्या पोकळीत वाहून जाते आणि वरचं छत एक दिवस बसतं. अशा भोकात माती ओतून मोकळं होऊ नका. लहान मुलं खेळत असतील तर आधी तिथे कडं करून जागा बंद करा. भोकाच्या कडेने उकरून पोकळी सापडेपर्यंत खाली जायचं आणि पाईप असेल तर त्याचं तोंड काँक्रीटने बंद करायचं. बॅलन्सिंग टँक तर बहुतेकांच्या लक्षातच नसतो. तो पंपरूमशेजारी फरशीखाली असतो आणि मुख्य टँक बुजवताना कोणी त्याच्याकडे बघत नाही.

उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगते, शेजारचे पेव्हर ब्लॉक उचलले जातात, तर भरावात काळी माती आहे. मिरज, वाळवा, पलूस भागात हे हमखास होतं. बांधकामाच्या पायातून निघालेली काळी माती फुकट मिळते आणि ती टँकमध्ये जाते. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी ती माती शेतात सोनं आहे, भरावात मात्र घरात येऊ देऊ नये अशी.

दोन भोकांची तपासणी

वरच्या लक्षणांवरून अंदाज येतो, खात्री होत नाही. खात्रीसाठी दोन भोकं घ्या: एक टँकच्या आत, खोल बाजूला, तळ लागेपर्यंत, दुसरं भिंतीच्या बाहेर पाच-सहा फुटांवर, तेवढ्याच खोलीचं. द्राक्षबागेत अँगल रोवायला ट्रॅक्टरचा ऑगर वापरतात, तो तासगावकडे सहज भाड्याने मिळतो आणि या कामाला उत्तम चालतो. आत डबर लागून ऑगर अडला तर फूटभर बाजूला सरका.

प्रत्येक भोकात चार इंची पीव्हीसी पाईप उभा करा. खालच्या तीन फुटांत हॅकसॉ ब्लेडने आडव्या चिरा पाडा, त्या भागावर शेडनेटची दुहेरी गुंडाळी करा म्हणजे गाळ आत येणार नाही, भोवती बारीक खडी सोडा आणि वर टोपी लावा. मग पावसाची उघडीप बघून रोज सकाळी दोन्हींत कोरडी काठी सोडायची. काठी किती भिजली ते मोजायचं, जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं. एक-दोन आठवडे एवढं पुरतं.

आतल्या पाईपात पाणी वर आहे, दिवसेंदिवस हलत नाही, आणि बाहेरचं भोक कोरडं किंवा बरंच खाली आहे, तर निकाल लागला. परात शाबूत आहे, तळ फोडावाच लागेल.

दोन्हींत पाणी सारखंच, एकदमच चढतं आणि एकदमच उतरतं, तर ते भूजल आहे. टँक निर्दोष आहे असं नाही, पण नुसता तळ फोडून जमीन कोरडी होणार नाही.

आतलं भोक कोरडं आणि तरी जमीन खचतेय, तर पाण्याला वाट आहे. तिथे दोष भरावाचा किंवा पोकळीचा.

बाहेरच्या भोकाचा आणखी एक उपयोग आहे. उन्हाळ्यात त्यात तोंडापर्यंत पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा. मुरूम असेल तर पाणी मुरलेलं असतं. काळी माती असेल तर बरंचसं तसंच उभं दिसतं. तळाला भोकं पाडून भागेल की निचऱ्याचा पाईपही टाकावा लागेल, हे यावरून ठरतं. हे न बघता कोणी दर सांगत असेल तर त्याला काम देऊ नका.

तळ फोडायचा, तो कसा

भरलेला टँक पूर्ण उकरायची गरज सहसा नसते. खोल बाजूचा पट्टा उघडला तरी चालतं, कारण पाणी तिथेच गोळा होतं. काम होळीनंतर धरा. फेब्रुवारी ते मे भूजल खाली गेलेलं असतं, भराव कोरडा असतो आणि खड्ड्याच्या कडा उभ्या राहतात. पावसाळ्यात ओल्या भरावात चार-पाच फूट सरळ खड्डा घेऊन माणूस आत उतरवणं धोक्याचं आहे. कड बसायला क्षण लागत नाही आणि छातीपर्यंत माती आली तरी माणूस गुदमरतो. कडांना उतार द्या, निघालेली माती काठापासून लांब टाका, आणि होता होईल ते सगळं वरूनच ब्रेकरने करून घ्या.

वीज आधी बंद. पाण्याखालचे दिवे आणि पंप यांच्या केबल टँक बुजवला तरी जमिनीत तशाच राहतात, आणि कित्येकदा डीबीला (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीला) जोडलेल्याच असतात. वायरमनकडून त्या मीटरच्या बाजूने सुटवून घेतल्याशिवाय बकेट जमिनीला लावू देऊ नका.

खोदताना जेसीबीवाला विचारतोच, "मालक, खाली कोबा लागला. फोडू का तसाच ठिवू?" कोबा म्हणजे टँकचा काँक्रीटचा तळ. या एका प्रश्नाच्या वेळी मालकाने तिथे हजर असावं. पहिल्यांदा टँक बुजवताना नेमकं तेव्हाच कोणी नसतं, आणि ऑपरेटर वेळ वाचवतो.

फोडायचं म्हणजे एखादं भोक पाडून सोडायचं नाही. खोल बाजूच्या तळाला भिंतीपासून भिंतीपर्यंत दीड-दोन फूट रुंदीची सलग चर काढलेली सगळ्यात चांगली. ते जमलं नाही तर दर तीन-चार चौरस मीटरला फूट-सव्वा फुटाचं एक भोक. सळई कापून काढा, नाहीतर ब्रेकरने काँक्रीट फुटतं पण जाळीत अडकून तिथेच बसून राहतं. कोब्याखाली पीसीसीचा, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचा, थर असतो, तोही फोडायचा. मूळची माती किंवा मुरूम हाताला लागला की थांबा. मग बादलीभर पाणी ओतून बघा. ते खाली जाताना डोळ्यांना दिसलं पाहिजे. मग त्या चरीत 40 मिमी खडी भरायची, तळापासून वर आणखी अर्धा फूट, आणि त्यावर जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरायचं. हे कापड वगळू नका. ते नसेल तर वरचा बारीक मुरूम दोन पावसाळ्यांत खडीत उतरतो आणि वाटही बुजते, जमीनही खचते.

साताऱ्याच्या पश्चिमेला, मेढ्याकडे किंवा पाचगणीच्या उतारावर, एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं, कारण खाली मुरूम किंवा जांभा असतो. पण तिथे दुसरी गंमत आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि डोंगरउतारावर जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतून उमाळे फुटतात. टँकच्या वरच्या अंगाने येणारं हे पाणी आधी अडवून बाजूने काढलं नाही तर फोडलेल्या तळातून तेच वर येतं. म्हणून वरच्या बाजूला टँकच्या तळाइतक्या खोलीची चर, तिच्यात चार इंची सच्छिद्र पाईप आणि खडी, आणि पाईपाचं तोंड उतारावर मोकळं. शंभर फुटाला एक फूट उतार पुरतो. खालच्या बाजूची भिंतही तळाच्या पातळीला फोडून त्यालाच जोडली तर उत्तम.

सांगली-मिरजेच्या सपाट काळ्या रानात नेमकं हेच अवघड. तळ फोडला तरी खाली फूट न् फूट काळी माती, पाणी मुरणार कुठे? आणि पाईपाचं तोंड टँकच्या तळापेक्षा खाली काढायला उतारच नाही. आठ-दहा फुटांत मुरूम लागत असेल तर चरीतून खाली आणखी नऊ इंची भोकं मुरमापर्यंत घ्या आणि खडीने भरा. मुरूम लागतच नसेल तर एका कोपऱ्यात रिंगांचं चेंबर करायचं, तळाचं पाणी सच्छिद्र पाईपाने त्यात आणायचं आणि पावसाळ्यात छोट्या पंपाने बाहेर काढायचं. हे थोडं झंझटीचं आहे, पण काळ्या मातीत दुसरा खात्रीचा मार्ग मी बघितलेला नाही. एक चांगली गोष्ट म्हणजे या भागात माणसं तयार आहेत. क्षारपड झालेल्या उसाच्या रानांत सच्छिद्र पाईप टाकून निचरा काढणारे ठेकेदार वाळवा-मिरज पट्ट्यात आहेत. पाईप किती खोल, उतार किती, फिल्टर कसा, हे त्यांना स्विमिंग पूलवाल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना आणून जागा दाखवा.

भिंती आणि भराव

भिंती वरून दोन ते तीन फूट खाली उतरवा. पूर्ण काढायच्या असतील तर काढा, पण खर्च वाढतो आणि शेजारी कंपाउंड किंवा घराचा पाया असेल तर इंजिनीअरला दाखवल्याशिवाय खोल भिंतीला हात लावू नका. निघालेलं काँक्रीट खाली भरायला चालतं, अट एवढीच की तुकडे एका माणसाने उचलावेत एवढेच हवेत आणि मधल्या फटी क्रशरच्या बारीक कचने भरून घ्यायच्या. सळई भंगारात द्या. लाकूड, झाडाच्या फांद्या, प्लायवूड, गोणपाट यातलं काही आत जाऊ देऊ नका. ते कुजतं आणि चार-पाच वर्षांनी तेवढीच जमीन खाली बसते.

आता मुरूम किती लागेल. पुन्हा तोच टँक धरा: 26 बाय 13 फूट, एका बाजूला साडेतीन आणि दुसऱ्या बाजूला साडेपाच फूट, म्हणजे सरासरी साडेचार. झाले सुमारे 1,520 घनफूट, म्हणजे 15 ब्रासच्या वर थोडं (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पण ट्रॉलीतला मुरूम सुटा असतो, दाबल्यावर कमी होतो. चौथाई जास्त धरा, 19 ब्रासच्या आसपास. आत काँक्रीटचे तुकडे भरणार असाल तर तेवढा कमी. ट्रॉली आली की टेपने लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून त्यांच्या गुणाकाराला 100 ने भागा, ब्रास कळतो. "ट्रॉलीत एक ब्रास असतोच" या शब्दावर हिशोब करू नका.

दाबण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. पाच फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचा फूटभर दबतो, खालचा तसाच पोकळ राहतो. मग मालक म्हणतो, रोलर तर फिरवला होता. सहा ते आठ इंचांचा थर पसरायचा, तो दाबायचा, मगच पुढचा. प्लेट व्हायब्रेटर भाड्याने मिळतो. कोपऱ्यात आणि भिंतीलगत मात्र हाताची धुम्मसच लागते.

आणि ओल. शेतकऱ्याला वाफसा सांगावा लागत नाही, तीच ओल मुरमाला हवी. मूठभर मुरूम घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला की फुटला पाहिजे. गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडा, अर्धा तास थांबा. पाणी बोटांतून निथळत असेल तर पसरून वाळू द्या. "भरपूर पाणी मारलं की मुरूम आपोआप बसतो" असं खूप ठिकाणी सांगतात. पाईप सोडून टँक तुडुंब भरतात. तळ शाबूत असलेल्या टँकमध्ये असं करणं म्हणजे दुखणं स्वतःच्या हाताने आत कोंडणं. दबलं की नाही बघायला पहारीसारखी साधी परीक्षा नाही. दाबलेल्या थरावर पहार सरळ हाताने टोचा. दोन इंचांत अडली तर पुढे जा. फूटभर गेली तर तो थर पुन्हा.

वरचा एक ते दीड फूट बागेची माती, पोयटा किंवा तांबडी. मधोमध तीन-चार इंच उंचवटा ठेवा म्हणजे पाणी कडेला निघेल. कितीही चांगलं दाबलं तरी पहिल्या वर्षी थोडं बसतंच, त्याची ती तजवीज. गच्चीच्या पाईपाचं तोंड आधी दुसरीकडे वळवा. एक पावसाळा जाईपर्यंत पेव्हर ब्लॉक, फरशी, गझिबो काही करू नका.

टँक अजून बुजवलेलाच नाही त्यांच्यासाठी

वरचं सगळं तुम्हाला आधीच करता येईल, खर्चही कमी लागेल. पण पाणी काढायची घाई नको. पावसाळ्यात टँक रिकामा करणं हा सगळ्यात महाग पडणारा उद्योग आहे. आठ इंची आरसीसी तळाचं वजन चौरस मीटरला साधारण 500 किलो. जमिनीतलं पाणी तळापेक्षा अर्धा मीटर वर चढलं की खालून तेवढाच दाब येतो. वजनात भर घालायला भिंती असतात, पण पाणी आणखी चढलं की रिकामा टँक तडकतो किंवा सरळ वर उचलला जातो, सोबत शेजारची फरशी आणि पाईपही. कृष्णाकाठी 2005, 2019 आणि 2021 या वर्षी काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असतानाच्या दिवसांत टँक भरलेलाच राहू द्या.

उन्हाळ्यात काढताना आधी क्लोरीन टाकणं थांबवा आणि पाणी उन्हात उघडं ठेवा. टेस्ट किटवर क्लोरीन दिसेनासं झालं की मगच सोडा. ओढ्यात, विहिरीत, शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. मिठावर चालणारी क्लोरिनेटर यंत्रणा असेल तर ते पाणी झाडांनाही घालू नका. आधीच क्षारपड होत चाललेल्या जमिनीत ते मुद्दाम ओतायचं कशाला?

अर्धवट रिकामा टँक पडू देऊ नका. तळाला वीतभर पाणी आणि पाला साचला की डासांना तेवढं पुरतं. डेंग्यूचा एडिस डास उबदार हवेत अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. काम लांबणार असेल तर गप्पी मासे सोडा आणि भोवती मुलांना चढता येणार नाही असं कुंपण करा. उंच गुळगुळीत भिंती आणि गाळाने निसरडा तळ, यात पडलेल्या मुलाला किंवा जनावराला वर येता येत नाही.

आणखी एक सांगतो. जत, आटपाडी, माण, खटाव इकडे घर असेल तर बुजवण्याआधी थांबा. 1,500 चौरस फूट छतावर 500 मिमी पावसातही वाया जाणारं सोडून 50,000 लिटरहून जास्त पाणी गोळा करता येतं, आणि वर धरलेल्या टँकमध्ये जवळजवळ 43,000 लिटर मावतं. ज्या गावात मार्चपासून टँकरची वाट बघतात तिथे तयार आरसीसी टाकी मातीने भरणं माझ्या जिवावर येतं. वर स्लॅब, कुलूपबंद झाकण, हवेच्या पाईपाला डासांची जाळी, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय, एवढं करा. टँक गळत नसेल तरच हा विचार करायचा, आणि स्लॅबचं डिझाईन इंजिनीअरकडूनच.

पूर येणाऱ्या पट्ट्यात

नदीकाठच्या मळीच्या जमिनीत दोन भोकांच्या तपासणीत पाणी सारखंच चढत-उतरत असेल तर ती जागा कायम कोरडी राहील अशी अपेक्षा ठेवू नका. तळ तरीही फोडायचाच, कारण पूर ओसरल्यावर बाहेरची जमीन आठवड्यात वाफशावर येते आणि परातीतली दिवाळीपर्यंत येत नाही. वरचा भराव मात्र शुद्ध मुरमाचा ठेवा. पुराचा गाळ वर बसेल तो बागेला चालतो.

वर काय करता येतं

तळाचा बराचसा भाग आणि खालच्या भिंती आत राहिल्या असतील तर त्या जागेवर खोली, गाडीचं पार्किंग, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक काही बांधू नका. आंबा, नारळ, वड-पिंपळही नको. मुळं खाली काँक्रीटला अडतात, झाड मोठं झालं की वाऱ्याला टिकत नाही. भाजीपाला, कढीपत्ता, शेवंती, मोगरा, केळी मजेत येतात. खोल बाजूला ओल जास्त राहते, तिथे अळू आणि कर्दळ लावा. बांधकामच करायचं असेल तर काँक्रीट मुळापासून काढून, भराव दाबून, त्याची चाचणी करून घ्यावी लागेल.

कागदपत्रं

मुरूम हे गौण खनिज आहे. महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम 2013 प्रमाणे त्याची रॉयल्टी आणि वाहतूक परवाना लागतो. ट्रॉलीवाल्याकडून पावती मागून घ्या, ती नसेल तर गाडी तुमच्या दारात उभी असताना अडचण तुमचीही होते. महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत राडारोडा कुठे टाकायचा ते आधी विचारा. महाबळेश्वर-पाचगणी हा 2001 पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथे उकरणं आणि भराव दोन्हींसाठी आधी तहसील कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करा.

शेवटी एक साधा नकाशा काढून ठेवा: घराच्या कोपऱ्यापासून टँकच्या चारी कोपऱ्यांची अंतरं, चर कुठे फोडली, पाईप कुठून कुठे गेला, चेंबर कुठे, कुठल्या केबल तोडल्या. भराव टाकण्याआधीचे फोटोही. उद्या घर विकलं किंवा मुलांनी तिथे बोअर मारायचं ठरवलं, तर खाली काय आहे हे त्या कागदावरूनच कळेल. त्याची एक प्रत घराच्या फाईलला आणि एक मीटरबॉक्सच्या आत प्लास्टिकमध्ये घालून लावा.